लेक म्हणते १/२ + १/३ = २/५, आणि तिच्याकडे पुरावा आहे

मृण्मयी_डोंबिवली

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, मदत हवी आहे.

लेक पाचवीत आहे, सेमी इंग्रजी. परवा सहज वही उघडली तर भिन्नछेद अपूर्णांकांच्या बेरजेची दहाच्या दहा गणितं चूक, आणि गंमत नाही हं, सगळी एकाच पद्धतीने चूक, म्हणजे वरचे दोन आकडे मिळवलेत आणि खालचे दोन मिळवलेत. १/२ + १/३ = २/५. ३/४ + १/६ = ४/१०. वहीत लाल फुल्या आणि शेवटी "लसावि काढ" (लघुतम साधारण विभाज्य, म्हणजे दोन्ही छेदांनी भाग जाणारी सगळ्यात लहान संख्या) एवढा एकच शेरा.

मी तिला जवळ घेऊन सांगितलं की बाळा असं नसतं करायचं, आधी खालच्या दोघांचा लसावि काढायचा मग वरचे आकडे त्या हिशोबाने बदलायचे. तिने विचारलं, का? आणि मी गप्प. मी स्वतः शाळेत हे शेकडो वेळा केलंय, मार्कही मिळवलेत, पण का ते मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

मग ती उठली आणि दप्तरातून तिचा चाचणीचा पेपर घेऊन आली. पहिल्या प्रश्नाला ३/५ मिळालेत, दुसऱ्याला ४/१०, आणि खाली एकूण म्हणून ७/१५. म्हणाली "हे बघ, वरचे वर, खालचे खाली. पेपरात बरोबर आणि वहीत चूक कसं?"

मला खरंच उत्तर सुचलं नाही. तिला फक्त रीत पाठ करून घ्यायची नाहीये. कसं समजावू सांगा ना.

---

खडू_फळा

मृण्मयीताई, तुमच्या लेकीला माझ्याकडून शाबासकी द्या. जिल्हा परिषदेच्या शाळांवर एकतीस वर्षं शिकवलं, ही चूक दरवर्षी निम्म्या वर्गाने केली, पण पेपर काढून पुरावा दाखवणारं पोर एखादंच.

ती काहीतरी खरं पाहतेय. पेपरावरचं ३/५ आणि वहीतलं ३/५ दिसायला एक, पण काम वेगळं. पेपरावर ती तिरकी रेघ म्हणजे "पैकी". पाचपैकी तीन, दहापैकी चार, मिळून पंधरापैकी सात, यात काहीच चूक नाही, कारण तिथे दुसरा प्रश्न आला तेव्हा एकूण गुणही वाढले. पाचाचा पेपर पंधराचा झाला. वहीतल्या बेरजेत तसं होत नाही. तिथे वस्तू एकच आहे, एकच भाकरी, एकच लिटर, एकच तास, आणि तिचे तुकडे आपण एकत्र करतोय. भाकरी मोठी होत नाही.

तिला हेच आकडे अपूर्णांक म्हणून मिळवायला सांगा. ३/५ म्हणजे ६/१०, त्यात ४/१० मिळवले की १०/१०, म्हणजे पूर्ण एक. आता तिलाच विचारा की एका प्रश्नात पाचपैकी तीन आणि दुसऱ्यात दहापैकी चार मिळाले म्हणून कुणाला पैकीच्या पैकी देतील का. नाही देणार. म्हणजे या दोन वेगळ्या क्रिया आहेत हे तिचं तिलाच दिसेल, आपण "चूक चूक" म्हणायची गरज नाही.

दुसरं, १/२ + १/३ = २/५ वर लगेच एक प्रश्न टाका. अर्धी भाकरी ताटात आहे, वर अजून थोडी वाढली, आता अर्ध्यापेक्षा जास्त झाली की कमी? जास्त. मग २/५ अर्ध्यापेक्षा जास्त आहे का? पाचाचं अर्धं अडीच, दोन त्याहून कमी. वाढल्यावर भाकरी कमी कशी झाली? इथे पोरं स्वतःच खोडरबर उचलतात, मी पाहिलंय. वर वर आणि खाली खाली मिळवलं की उत्तर कायम त्या दोघांच्या मधेच कुठेतरी येतं, लहानापेक्षा मोठं आणि मोठ्यापेक्षा लहान. मार्कांना ते शोभतं, एका प्रश्नात चांगले एकात कमी तर एकूण मधलेच येणार. बेरजेला शोभत नाही.

आता "का" बद्दल. माझ्या मते सगळा घोळ वाचण्यात आहे. आपण मुलांना "तीन छेद पाच" असं वाचायला लावतो, त्यामुळे कानाला दोन आकडे ऐकू येतात, आणि दोन आकडे दिसले की पोर दोन्ही मिळवणारच. "तीन पंचमांश" असं वाचायला लावा. आता आकडा एकच, तीन. पंचमांश हे त्या तुकड्याचं नाव. दोन पंचमांश आणि एक पंचमांश मिळून किती? कुठलंही मूल तीन पंचमांश म्हणतं, तीन दशमांश कुणी म्हणत नाही, कारण नावांची बेरीज होत नसते. आता एक द्वितीयांश आणि एक तृतीयांश? नावंच वेगळी. दोन डझन केळी आणि तीन नग मिळून पाच म्हणता येत नाही, डझन मोडून नग करावे लागतात, मग सत्तावीस. तसंच द्वितीयांश मोडा, तृतीयांश मोडा, दोघांचे षष्ठांश करा. तीन षष्ठांश आणि दोन षष्ठांश, पाच षष्ठांश.

लसावि हे फक्त "दोघंही मोडून कुठल्या नावाचे करायचे" याचं उत्तर आहे. तो नंतर. आधी नाव.

---

चुलीवरची

सर किती छान सांगितलंत. "नावांची बेरीज होत नसते" हे मी लिहून ठेवलं.

मृण्मयी, माझ्या मुलाला मी हे खोबऱ्याच्या वड्यांवर शिकवलं होतं. भाकरी नको घेऊस, गोल वस्तूचे तीन भाग हाताने नीट होतच नाहीत आणि मग मूल तुकडा लहान की मोठा यावर भांडत बसतं. चौकोनी ट्रेला तूप लावून वडी थापायची, आणि कापायच्या आधी सुरी मुलाच्या हातात द्यायची. १/३ आणि १/४ ची बेरीज करायची ना, मग उभ्या रेघा मारून तीन पट्टे कर, आणि आडव्या मारून चार ओळी कर. वड्या मोज. बारा. आता तिसरा हिस्सा म्हणजे एक उभा पट्टा, त्यात वड्या चार. चौथा हिस्सा म्हणजे एक आडवी ओळ, त्यात वड्या तीन. चार आणि तीन सात, आणि ट्रे बाराचा. ७/१२. लसावि हा शब्दही काढावा लागला नाही.

एक लक्षात ठेव, पट्टा आणि ओळ जिथे एकमेकांवरून जातात तिथली कोपऱ्यातली वडी दोघांत मोजली जाते, मुलं तिथे अडकतात आणि सहाच वड्या मोजतात. म्हणून दोन वेगवेगळ्या बशांमध्ये काढून ठेवायच्या, चौथ्या हिश्शासाठी ट्रेमधल्या दुसऱ्या कुठल्याही तीन घ्यायच्या, सगळ्या सारख्याच आहेत. वडी नसेल तर चौकटीच्या वहीत चौकोन काढलास तरी चालेल.

---

अभ्यासू_बाबा

हे सगळं छान आहे पण मी जरा वेगळं मत मांडतो, राग मानू नका. माझा मुलगा शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी करतोय, तिथे वेळ मोजका असतो, वड्या थापत बसता येत नाही. क्लासमध्ये फुलपाखरू पद्धत शिकवतात, तिरकस गुणाकार करायचा दोन्हीकडून, ते दोन पंख, त्यांची बेरीज वर लिहायची आणि खालच्या दोघांचा गुणाकार खाली. १/३ + १/४ म्हणजे ४ आणि ३, सात, खाली बारा, झालं. लसावि नको काही नको, दहा सेकंदात उत्तर. माझ्या मुलाचं एकही चुकत नाही.

---

खडू_फळा

अभ्यासू_बाबा, राग कसला, रीत बरोबरच आहे आणि उत्तरही बरोबरच येतं. फक्त तीन अपूर्णांक द्या त्याला, १/४ + १/६ + १/८. फुलपाखराला पंख दोनच. मग तो पहिल्या दोघांचं १०/२४ करणार, ते घेऊन १/८ बरोबर पुन्हा पंख, ८० आणि २४ मिळून १०४, खाली १९२, आणि १०४/१९२ ला संक्षिप्त रूप देता देता वेळ गेला तो गेलाच. चोवीस हे नाव आधीच दिसलं असतं तर ६, ४ आणि ३, तेरा चोविसांश, संपलं.

आणि माझा अनुभव सांगतो, ज्या मुलांना आधी पंख शिकवले ती पुढे अपूर्णांकांच्या गुणाकारातही पंख मारायला लागतात. कारण ती कृती कशासाठी आहे ते त्यांना माहीत नसतं, दोन अपूर्णांक दिसले की हात आपोआप तिरका जातो.

---

गणितवेडी

या वादाला नऊशे वर्षं होत आली असं म्हटलं तर चालेल :) भास्कराचार्यांची लीलावती ११५० सालची, त्यात ही दोन्ही उत्तरं एकाच श्लोकात आहेत.

अन्योन्यहाराभिहतौ हरांशौ राश्योः समच्छेदविधानमेवम् ।
मिथो हराभ्यामपवर्तिताभ्यां यद्वा हरांशौ सुधियात्र गुण्यौ ॥

हर म्हणजे आपला छेद. पहिली ओळ म्हणते एकाच्या हराने दुसऱ्याचे हर आणि अंश दोन्ही गुणा, की समच्छेद झाला. हीच अभ्यासू_बाबांची पद्धत. दुसरी ओळ मला फार आवडते, म्हणतात किंवा शहाण्याने आधी दोन्ही हरांना सामाईक भाग देऊन ते लहान करून घ्यावेत आणि मग त्या लहान झालेल्यांनी गुणावं.

करून बघा, ५/१२ + ७/१८. बारा आणि अठरा, दोघांना सहाने भाग जातो, उरले २ आणि ३. आता अदलाबदल, ५/१२ ला तीनने गुणा, १५/३६. ७/१८ ला दोनने गुणा, १४/३६. बेरीज २९/३६. लसावि वेगळा काढायलाच लागला नाही, तो आपोआप छत्तीस म्हणून हजर झाला. सरळ तिरकस गुणाकार केला असता तर ९० अधिक ८४, १७४/२१६, आणि मग पुन्हा सहाने भाग. म्हणजे सहाने भागायचंच आहे, भास्कराचार्य सांगतात ते आधी भागा, आकडे लहान असताना.

त्यांनी दिलेलं उदाहरणही सोपं आहे, ३, १/५ आणि १/३ यांची बेरीज करा. पूर्ण तीनला ते ३/१ धरतात, मग ४५, ३ आणि ५, एकूण ५३/१५. आणि वजाबाकीला १/१४ मधून १/६३. हे मुलांना जरूर द्या, चौदा आणि त्रेसष्ट दोघांना सातने भाग, उरतात २ आणि ९. ९/१२६ वजा २/१२६, ७/१२६, म्हणजे १/१८. असे कुरूप दिसणारे आकडे आणि उत्तर एवढं स्वच्छ.

चाळीसगावजवळ पाटणला भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला होता, तसा शिलालेख तिथे आहे. जळगावकडे जाणं झालं तर मुलांना घेऊन जा.

---

जुन्नरचे_आजोबा

नातवाने टाईप करून दिलंय. मी सत्त्याहत्तर वर्षांचा आहे. आमच्या वेळी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे पाढे पाठ करून घ्यायचे, औट म्हणजे साडेतीन. तेव्हा कंटाळा यायचा पण अपूर्णांकाची भीती कधी वाटली नाही, कारण पाव आणि अर्धा मिळून पाऊण, दीड आणि सव्वा मिळून पावणेतीन, हे बाजारात जाता येता तोंडात असायचं. ताई तुमच्या मुलीला विचारा दीड किलो बटाटे आणि सव्वा किलो कांदे, पिशवीत वजन किती. ती पावणेतीन म्हणाली तर तिला सांगा की तू आत्ता ३/२ आणि ५/४ ची बेरीज केलीस, उत्तर ११/४.

दुसरं म्हणजे रुपया. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, त्याआधी रुपयाचे सोळा आणे आणि आण्याच्या बारा पै. म्हणजे रुपयाच्या १९२ पै. माझे वडील दुकानात हिशोब करायचे तेव्हा तिसरा हिस्सा म्हणजे पाच आणे चार पै, चौथा हिस्सा म्हणजे चार आणे, दोन्ही मिळून नऊ आणे चार पै. वर सुगरण बाईंनी ७/१२ काढलं तेच हे, नऊ आणे चार पै म्हणजे ११२ पै, १९२ मधल्या ११२, सोळाने भाग द्या, ७/१२. वडिलांना समच्छेद हा शब्द माहीत नव्हता पण पै माहीत होती. नव्या पैशात रुपयाचा तिसरा हिस्सा नीट पडत नाही, ३३ पैसे आणि वर काहीतरी उरतंच, शंभराला तीनने भाग जात नाही म्हणून.

जमिनीचंही तसंच. एकराचे चाळीस गुंठे. एका भावाचा पाचवा हिस्सा आणि दुसऱ्याचा आठवा, तर आठ गुंठे आणि पाच गुंठे, तेरा गुंठे, १३/४०. लसावि तलाठ्याच्या कागदावर आधीच काढलेला आहे.

---

गणितवेडी

आजोबा, नमस्कार तुम्हाला. हे तर पुस्तकात असायला हवं.

आणि ७/१२ वरून एक, मुलांना सांगून ठेवा की जमिनीचा सातबारा उतारा हा अपूर्णांक नाही, तो गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. पुन्हा तीच तिरकी रेघ, सरांनी म्हटलं तशी. तारखेतली ५/८ तिसरीच. पाठ्यपुस्तकात अपूर्णांकाला आडवी रेघ असते ते बरं आहे, घरी शिकवतानाही आडवीच काढा.

---

तालवेडा

तबला शिकतो. एका मात्रेत तीन बोल आणि त्याच मात्रेत चार बोल, दोन्ही एकत्र हाताला बसवायचे असतील तर गुरुजी आधी त्या मात्रेचे बारा मोजायला लावतात. तिगुणाचा बोल दर चौथ्यावर, चौगुणाचा दर तिसऱ्यावर. मला हा धागा वाचून आज कळलं की मी इतकी वर्षं समच्छेद करतोय.

---

परसदार_न्यूजर्सी

इकडे किचनमधल्या मापांचा चांगला उपयोग होतो. मुलीला केक करताना १/३ कप आणि १/४ कप साखर घालायची होती आणि १/३ चा कप सापडेना. इथल्या कपात सोळा टेबलस्पून, टेबलस्पूनमध्ये तीन टीस्पून, म्हणजे कपात ४८ टीस्पून. १/३ कप सोळा टीस्पून, १/४ कप बारा, एकूण अठ्ठावीस. २८/४८, पुन्हा ७/१२. आजोबांची पै आणि आमचा टीस्पून एकच काम करतायत.

घड्याळही विसरू नका, साठ मिनिटं हा फार उदार छेद आहे, २, ३, ४, ५, ६, १०, १२ सगळ्यांनी भाग जातो. अर्धा तास आणि एक तृतीयांश तास म्हणजे तीस आणि वीस, पन्नास मिनिटं, ५०/६०, ५/६. मृण्मयी, तुझ्या लेकीचं पहिलंच गणित.

---

मृण्मयी_डोंबिवली

सगळ्यांचे मनापासून आभार, किती दिलंत. काय काय झालं ते सांगते.

घड्याळापासून सुरुवात केली. २/५ तास म्हणजे किती मिनिटं हे तिने काढलं, चोवीस. मग स्वतःच म्हणाली की अर्धा तासच तीस मिनिटं आहे, मी त्यात अजून मिळवले तर चोवीस कसे होतील. पेपर परत दप्तरात गेला. मग मी तिला ३/५ आणि ४/१० ची गोष्ट सांगितली, त्यावर बराच वेळ विचार करत बसली आणि म्हणाली की मार्कांत प्रश्नपण वाढतो. एवढंच. मला वाटतं कळलं तिला.

"तीन पंचमांश" असं वाचायला मी लावलं तेव्हा अडखळली, कारण शाळेत थ्री बाय फाईव्ह म्हणतात आणि त्यातही दोन आकडेच. पण दोन दिवसांत जमलं, आता अष्टमांश, द्वादशांश स्वतः बनवते, चोविसांश म्हणायला तिला आवडतं.

रविवारी वड्या केल्या. १/४ + १/६ घेतलं, चार उभे पट्टे, सहा आडव्या ओळी, चोवीस वड्या, सहा आणि चार दहा, १०/२४. मी म्हटलं बरोबर. तर ती म्हणाली एवढ्या बारीक वड्या कशाला, दोन दोन जोडून ठेवल्या तरी चालतील, मग बाराच होतील. म्हणजे ५/१२. चुलीवरची ताई, मला डोळ्यात पाणी आलं गं, लसावि तिने वडीतून काढला. तेव्हा मी तिला सांगितलं की जोडता येईल तितकं जोडून उरलेल्या सगळ्यात कमी वड्या, त्यालाच पुस्तकात लसावि म्हणतात.

एकच अडचण राहिलीये. काल दहा गणितं दिली, नऊ बरोबर आली, एक चुकलं. ३/८ + ५/१२, छेद चोवीस बरोबर काढला पण लिहिलं ३/२४ + ५/२४ = ८/२४. अंश तसेच ठेवले. मी दाखवल्यावर लगेच दुरुस्त केलं, पण हे पुन्हा होईल असं वाटतंय.

---

खडू_फळा

होणार, आणि होऊ द्या. ही दुसरी चूक पहिलीपेक्षा पुढची आहे, कारण आता तिला नाव एक करायचं हे कळलंय, फक्त मोडल्यावर तुकडे वाढतात हे घाईत निसटलं. डझन मोडून नग केले आणि तरी दोनच म्हणाली, असं झालं ते.

यासाठी लगेच नवीन बेरजा देऊ नका. दोन-तीन दिवस फक्त नाव बदलायची गणितं द्या, बेरीज नाही. ३/८ चे चोविसांश किती? ५/१२ चे किती? कागदाची एक पट्टी घेऊन आठ भाग करा, तीन भाग रंगवा, मग प्रत्येक भागात दोन रेघा मारून तिचे चोवीस करा, आणि रंगवलेले मोजायला सांगा. नऊ मोजेल. मग बाजूला ३/२४ लिहून विचारा, एवढंच रंगवलं होतं का आपण? तिचं तीच म्हणेल की हा तर फक्त पहिला आठवा भाग झाला.

त्यानंतर ते चुकलेलं गणित परत द्या. नऊ आणि दहा, एकोणीस चोविसांश.

---

अभ्यासू_बाबा

सर, १/४ + १/६ + १/८ मुलाला दिलं काल. पंख मारून १०४/१९२ पर्यंत गेला आणि तिथेच थांबला. मग गणितवेडी यांनी लिहिलेली सामाईक भाग काढायची रीत दाखवली, ५/१२ + ७/१८ त्याने तोंडी केलं. आता त्यालाही वड्या थापायच्या आहेत. किती पट्टे किती ओळी घेऊ तीन अपूर्णांकांना?

---

चुलीवरची

तीन असतील तर पट्टे आणि ओळी पुरत नाहीत हो, ट्रेला दोनच बाजू. चोवीस वड्या पाडा, चार ओळी सहा पट्टे, आणि त्यातून चौथा हिस्सा सहा, सहावा चार, आठवा तीन असे बशांमध्ये काढायला सांगा. अर्धा किलोची मोठी थाळी घ्या, वड्या फार बारीक पडल्या तर मोडतात.